नऊ फुटांवरची तुळई

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ५४. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वडिलांनी बांधलेलं चिऱ्याचं घर. वडिलांचीच प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे. तिचं ऑइल, ब्रेक, सायलेन्सर असं बरंचसं काम हे स्वतः करतात. आता पाठ कुरकुरते, जमिनीवर आडवं पडून गाडीखाली सरकणं नको वाटतं. ओळखीतलं एक गॅरेज बंद होतंय. तिथली चार टनांची टू-पोस्ट लिफ्ट (गाडी वर उचलणारं दोन खांबांचं यंत्र), खांबांच्या माथ्यावर आडवा बार असलेली, नव्याच्या निम्म्या किमतीला मिळते आहे. चतुर्थीला मुलगा पुण्याहून येईल, तेव्हा दोघांनी मिळून ती बसवायची असा बेत आहे. गॅरेज कौलारू, १६ फूट रुंद, २० फूट लांब. भिंतीजवळ उंची ९ फूट, आढ्याखाली १३ फूट. दार १० फूट रुंद शटरचं. कोबा पंचवीस वर्षांचा, ‘एक तडा नाही’. घरात सिंगल फेज वीज. लिफ्ट आली की पद्मिनी वर आणि पत्नीची हॅचबॅक खाली, म्हणजे ती पावसाळाभर माडाखाली उभी राहायला नको. पत्नीचा विरोध आहे. ‘गाडी अंगावर पडली तर?’ एवढंच ती विचारते. यांचे प्रश्न दोन : लिफ्ट घ्यावी का, आणि यंत्रांना घाबरणाऱ्या माणसाला पटवावं कसं?

नमस्कार,

दुसरा प्रश्न आधी घेते. ‘गाडी अंगावर पडली तर?’ हे तुम्ही घाबरटपणात जमा केलंत. पण लिफ्टचा आराखडा करणारा इंजिनियर कागदावर पहिली रेघ ओढतो तीच हा प्रश्न मनात ठेवून. खांबाच्या आतली लॉकची दातेरी पट्टी, दोन्ही बाजू सारख्या वर जाव्यात म्हणून लावलेले वायररोप, जमिनीत ठोकलेले अँकर बोल्ट, हे सगळं त्याचसाठी असतं. वहिनींनी नेमकं तेच विचारलंय आणि त्याचं तुमच्या गॅरेजपुरतं उत्तर आपल्याला शोधायचंय. शिवाय गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या कोब्याला तुम्ही भोकं पाडायला निघालात, त्यातला अर्धा त्यांचा आहे.

आता मापं. फोटो पाठवलेत ते बरं केलंत, कारण पत्रात न आलेली एक गोष्ट त्यांत दिसते : भिंतींच्या माथ्यावरून आडव्या गेलेल्या दोन तुळया. तुम्ही १३ फूट मोजलेत ते आढ्याखाली. गाडीचा टप वर जाताना आधी गाठ पडणार ती या तुळयांशी, आणि त्या आहेत नऊ फुटांवर. पद्मिनीची लांबी चार मीटरच्या आसपास. दोन तुळयांच्या मधल्या सात-आठ फुटांत ती मावणार नाही, म्हणजे एक ना एक तुळई तिच्या टपावर येणारच.

पद्मिनीची उंची साधारण ५८ इंच धरा. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. डोक्यावर चार इंच मोकळे सोडले तर गाडी उचलता येईल ४६ इंच, पावणेचार फुटांच्या जरा वर. उभं राहून काम करायचं असेल तर दाराखालची सिल सहा फुटांवर न्यावी लागते, आणि सिल सहा फुटांवर गेली की टप दहा फुटांच्या पुढे जातो. ते इथे होणार नाही. स्टुलावर बसून काम करण्याएवढी उंची मिळेल. पाठीच्या दृष्टीने तीही वाईट नाही. पण तुमच्या डोळ्यांपुढे जे चित्र आहे ते हे नव्हे.

पद्मिनी वर, हॅचबॅक खाली? वरच्या गाडीचे ५८ इंच, ती ज्यावर उभी राहील त्या फळीचे पाच, खालच्या हॅचबॅकचे साठ आणि मधे-वर हाताला लागतील एवढे सहा इंच धरले तरी १२९ होतात. पावणेअकरा फूट पूर्ण मोकळी, सपाट उंची. तुमच्याकडे तुळईखाली नऊ आहेत. तेव्हा हा बेत सोडून द्या. आणि तुळया नसत्या तरी एक अडचण होतीच. टू-पोस्ट लिफ्ट ही काम करण्यासाठी असते. तिच्यावर गाडी सिलवर टेकते आणि चाकं खाली लोंबतात. महिनोन्‌महिने गाडी वर ठेवायची असेल तर ती चाकांवर उभी राहील अशी फोर-पोस्ट लागते.

खांबांचं बघू. उतरत्या छपरात गाडी मधे, आढ्याच्या रेषेत येते, पण टू-पोस्टचे खांब गाडीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे जिथे छप्पर खाली आलेलं असतं तिथे उभे राहतात. दोन खांबांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर सव्वाअकरा फुटांच्या आसपास असतं. तुमच्या उताराच्या हिशेबाने तिथे कौलाखाली दहा फूट उरतात, आणि वासे-रिपा वजा केल्या तर त्याहून कमी. आडवा बार माथ्यावर असलेल्या लिफ्टला साडेअकरा-बारा फूट लागतात. म्हणजे जी निम्म्या किमतीला मिळते आहे ती तुमच्या गॅरेजात उभीच राहणार नाही. ज्या टू-पोस्टचे वायररोप आणि पाइप जमिनीवरच्या पत्र्याखालून जातात, तिचे खांब साडेनऊ फुटांच्या आत असतात. ती दोन तुळयांच्या मधे कशीबशी मावेल. मावेल, पण गाडी पावणेचार फुटांच्या वर जाणारच नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

कुणीतरी मेस्त, म्हणजे सुतार, तुम्हाला सांगेल, ‘एक तुळई कापूया, काही होत नाही.’ कापू देऊ नका. कौलांचं वजन वाशांवरून खाली येताना भिंतींना बाहेर ढकलत असतं आणि तुळई त्या दोन भिंतींना धरून ठेवते. चिऱ्याची भिंत वरून येणारा भार उत्तम पेलते, आडवा जोर मात्र तिला सोसत नाही. तुळई गेली की परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर भिंतीच्या माथ्याला फट दिसायला लागते. छप्पर उंच करायचंच असेल तर ते दुरुस्तीत मोडत नाही. त्याला पंचायतीचा बांधकाम परवाना आणि नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता लागते, आणि मंजूर नकाशात मुळात गॅरेज दाखवलेलं आहे का, हाही प्रश्न निघतो.

कोब्याला पंचवीस वर्षांत तडा गेला नाही असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. त्याच्यावर तसा भार तरी कधी आला? नऊशे किलोची गाडी चार चाकांवर उभी असते तेव्हा जमिनीवर नुसता दाब येतो. टू-पोस्टमध्ये तीच गाडी दोन खांबांच्या मधे, खांबांतून निघणाऱ्या लोखंडी हातांवर तोललेली असते. तिच्या वजनाने खांब आतल्या बाजूला झुकू पाहतात आणि बाहेरच्या अंगाचे बोल्ट जमिनीतून उपटायला बघतात. तो ओढा सोसायला जाड आणि एकसंध काँक्रीट हवं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत किमान चार इंच जाडी आणि ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताकद मागितलेली असते, काहींची मागणी याहून जास्त असते. आपल्याकडच्या काँक्रीटच्या प्रतवारीत त्यासाठी निदान एम-२५ धरायचं. मुरुमाच्या भरावावर घातलेला दोन-तीन इंचांचा कोबा यात कुठेच बसत नाही, आणि वर फरशी असली तर फरशीची जाडी धरायचीच नसते. जाडी बघायची असेल तर एखाद्या कोपऱ्यात, खांब येणार नाही अशा जागी, ड्रिलने भोक पाडा आणि वाकडी तार घालून खालची कड चाचपा. अर्ध्या तासाचं काम आहे.

कोबा पातळ निघाला तर खांबांच्या जागी तो कापून, खाली खणून, सळईची जाळी घालून नवी बैठक ओतावी लागते. तिचं माप लिफ्टच्या पुस्तिकेवरून किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून घ्यायचं, गवंड्याच्या अंदाजाने नाही. ओतल्यावर २८ दिवस थांबायचं आणि मगच बोल्ट ठोकायचे. चतुर्थीच्या सुट्टीत सगळं उरकायचा बेत इथेच संपतो. त्यात चतुर्थी येते भर पावसाळ्यात. भरावात खणलेला खड्डा तेव्हा पाण्याने भरतो आणि कडेचा मुरूम ढासळतो. हे काम दिवाळीनंतरचं.

आता तुमच्या लाडकीबद्दल थोडं कटू. टू-पोस्टचे हात गाडीला सिलखाली किंवा चॅसीच्या ठरलेल्या जागी धरतात. जीपसारख्या शिडीच्या चॅसीवर बांधलेल्या गाडीला खाली चांगला जाड लोखंडी आधार असतो. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे आणि दाराखालची सिल हा त्या सांगाड्याचा कणा. आपल्या हवेत जुन्या गाडीची सिल आधी आतून खाते. वरून रंग चकचकीत, आत गंजाचा भुगा. अशी सिल लिफ्टच्या पॅडवर टेकवली की पत्रा दबतो, आणि दबला तर चारही बाजूंना सारखा दबत नाही. वहिनींच्या प्रश्नाचं तुमच्या घरापुरतं उत्तर बरंचसं इथे आहे : लिफ्ट धड असेल, पण ती जिथे धरते ती जागा धड असेलच असं नाही. कुठलीही लिफ्ट घेण्याआधी दोन्ही सिला पुढून मागून हातोडीच्या दांड्याने हलके वाजवून बघा, पेचकसाच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी पत्रेकाम आणि वेल्डिंग, लिफ्टचा विचार मग.

विजेचंही असंच. गॅरेजातली लिफ्ट बहुधा थ्री फेज, ४१५ व्होल्टच्या मोटरवर चालते. तुमच्याकडे सिंगल फेज. मोटर बदला नाहीतर वीज खात्याकडे थ्री फेजचा अर्ज करा. दोन्हींत खर्च आहे आणि ‘निम्मी किंमत’ निम्मी राहत नाही. सिंगल फेजवर चालणाऱ्या मोटरीही मिळतात. त्या साधारण तीन हॉर्सपॉवरच्या असतात आणि सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढतात, तेव्हा मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालायचं विसरू नका. घरच्या इन्व्हर्टरवर असली मोटर चालत नाही.

वीज गेली की काय होतं, हे विकणारे क्वचितच सांगतात. गाडी वर नेली की ती थोडी खाली घेऊन लॉकवर टेकवायची असते. काम करताना तिचं वजन लोखंडी लॉकवर हवं, तेलाच्या दाबावर कधीच नको. पण लॉकवर बसलेली गाडी खाली आणायची तर आधी तिला दोन-तीन इंच वर उचलून लॉक सोडवावं लागतं, आणि उचलायला वीज लागते. जुलैत फांदी पडून लाइन गेली की गाडी वरच. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचं असेल तर दुसरी गाडी बघावी लागते. हातपंपाने लॉक सोडवायची सोय असलेले मॉडेल मिळतात, घेताना ते विचारून घ्या.

जुनी लिफ्ट मुळातच घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. ज्यांची जमीन आणि उंची बसते त्यांना चांगला सौदा मिळू शकतो. फक्त ती उभी असताना, त्यांच्या गॅरेजात, तुमच्यासमोर गाडी चढवून चालवून बघा. दोन्ही बाजूंची लॉकं एकाच वेळी खटकतात का? गाडी पाऊण तास वर ठेवली तर लॉकविना किती खाली येते? वायररोपच्या तारा तुटून कुसळासारख्या बाहेर आल्यात का? खांबातल्या नायलॉनच्या सरकपट्ट्या झिजून हात हलतात का? खांबाच्या तळाला कुणी वेल्डिंग मारलंय का? मारलेलं दिसलं तर तिथून निघा. क्षमतेची पट्टी आणि पुस्तिका दोन्ही हवीत. जुने अँकर बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, नवेच घ्यावे लागतात. आणि जुलैत सील गळायला लागलं तर कोण येणार, त्याचा फोन नंबर पैसे देण्याआधी घ्या. कोल्हापूर-पुण्याहून माणूस यायचा असेल तर त्याचं येण्या-जाण्याचं भाडंही विचारा.

मग करायचं काय? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मला त्यात दोन वेगळे प्रश्न एकाच यंत्राच्या गळ्यात बांधलेले दिसले. एक पाठीचा, एक पावसाचा.

पाठीचं आधी. तुम्ही काय काम करता? ऑइल, ब्रेक, सायलेन्सर. गिअरबॉक्स किंवा क्लच कितीदा उतरवता? पाच-सात वर्षांतून एकदा? त्यासाठी चार टनांची लिफ्ट घरात बांधायची गरज नाही. तेवढ्यापुरती ओळखीच्या गॅरेजवाल्याची लिफ्ट दिवसाच्या भाड्याने मिळते, रविवारी तर आनंदाने. नेहमीच्या कामासाठी दोन सुट्या चौकटींची छोटी लिफ्ट बघा. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक चौकट खाली सरकवायची, छोटा हायड्रॉलिक पंप त्या उचलतो. गाडी दीड-दोन फूट वर जाते, मधला भाग पूर्ण मोकळा राहतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सर हाताशी येतात. तिलाही लोखंडी लॉक असतं. जमिनीत बोल्ट नाही, काम झालं की चौकटी भिंतीला उभ्या. पाठीवर झोपावं लागतंच, पण चाकांच्या फळीवर आणि नाकाला इंजिन न टेकता. हीही सिलखालीच धरते, तेव्हा हातोडीची परीक्षा इथेही लागू.

स्टुलावर बसूनच काम करायचं असेल तर मीटरभर उचलणारी कैचीची लिफ्ट आहे. तुमच्या तुळईखाली ती बसते. पण कैची नेमकी गाडीच्या मधोमध येते आणि पद्मिनीसारख्या मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा निम्मा कारभार मधोमधच असतो. मी ती घेणार नाही. सिला फारच गेलेल्या असतील आणि पैशाची ओढाताण नसेल, तर पर्याय फोर-पोस्टचा. तिचे खांब सात-साडेसात फुटांचे असतात, गाडी चाकांवर उभी राहते त्यामुळे सिलला हात लागत नाही, आणि वजन चार पायांवरून सरळ खाली जात असल्याने जमिनीला उपटण्याचा ओढा नसतो. पावणेचार फुटांपर्यंत ती तुमच्याकडेही वर जाईल. चाक काढायचं असलं की मात्र मधल्या पुलावर वेगळा जॅक लागतो, आणि चढायच्या रॅम्पसकट तुमचे वीस फूट भरून जातात.

खड्ड्याचं कुणीतरी सुचवेलच, जुन्या गॅरेजांत असायचा तसा. तो नको. आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, आणि चिऱ्याच्या जमिनीत ते झिरपत खड्ड्यात उतरतं. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साठून राहते, तिथे हातदिव्याची एक ठिणगी पुरते.

आता पावसाचं. पुन्हा मापांकडे या. गॅरेज १६ फूट रुंद. पद्मिनीची रुंदी पाच फुटांच्या आत, हॅचबॅक साडेपाच-पावणेसहा फूट. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या केल्या तरी पाच फूट उरतात. दोन गाड्यांची जागा तुमच्याकडे आहे. मग दुसरी गाडी माडाखाली का? फोटोत उजव्या भिंतीला उत्तर आहे : जुना पंप, बंद पडलेला फ्रीज, नारळांचा ढीग, पावसाळ्याची लाकडं आणि माटोळीची, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, चौकट. माटोळीची चौकट आढ्याखाली तुळयांवर आडवी ठेवता येते, नारळ-लाकडं मागीलदारच्या पडवीत जातील. फ्रीजचं तुम्हीच ठरवा, पण तो दुरुस्त होणार नाहीये हे तुम्हालाही ठाऊक आहे.

अडचण उरते ती दाराची. दहा फुटांच्या शटरमधून आत आल्यावर गाडी वीस फुटांत तीन फूट बाजूला घेणं सोपं नाही. त्यासाठी चाकाखाली घालायच्या चार ट्रॉल्या मिळतात, वर्कशॉपचं सामान विकणाऱ्यांकडे. पद्मिनी रोज निघत नाही. तिची चारही चाकं ट्रॉल्यांवर घ्या आणि दोन माणसांनी ढकलून तिला भिंतीशी न्या; गुळगुळीत कोब्यावर ती आडवी सरकते. ट्रॉल्यांवर गाडीचा हँडब्रेक काही कामाचा नाही, म्हणून ट्रॉल्यांचे ब्रेक लावा आणि उतार असेल त्या बाजूला ओंडका अडवा. काम करायचं त्या रविवारी हॅचबॅक बाहेर, पद्मिनी मधे. या सगळ्याचा खर्च लिफ्टच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि वहिनींची गाडी या चतुर्थीच्या आधी छपराखाली येते.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी काही जण नवं घर बांधत असतील. त्यांचं काम सोपं आहे, कारण त्यांना सगळं कागदावर असतानाच ठरवता येतं : गॅरेजला बारा फूट मोकळी उंची, खांब येतील तिथे सहा इंचांहून जाड सळईचं काँक्रीट, आणि भिंतीतून वेगळा विजेचा पाइप. लिफ्ट दहा वर्षांनी आली तरी चालेल. केरी-हरमलपासून काणकोणपर्यंत किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी काँक्रीट एम-३० च्या खाली घेऊ नये. भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनारी हवेतल्या सळईच्या काँक्रीटसाठी तेवढी ताकद सांगितली आहे आणि थेट खारे तुषार येत असतील तर एम-३५. समुद्राची वाळू कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, तिच्यातलं मीठ सळई खातं. किनाऱ्यावरच्या लिफ्टचे वायररोप आणि बोल्ट दर पावसाळ्याआधी आणि नंतर पुसून ग्रीस करावे लागतात. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये असलं काही बसवायचा विचारच करू नये. खाली कुणाचा तरी स्लॅब असतो.

छोटी लिफ्ट घेतलीत तर काही सवयी पहिल्या दिवसापासून लावा. जमिनीपासून चार बोटं उचलायची, थांबायचं, गाडीला बाजूने चांगला धक्का द्यायचा. हलली तर खाली घेऊन पॅड पुन्हा लावायची. मग वर, मग लॉकवर. इंजिनसारखं जड काही काढायचं असेल तर आधी विचार करा, कारण पुढचं वजन गेलं की गाडी मागे कलते. गाडीत कुणी बसलेलं असताना उचलायची नाही. लॉक असलं तरी सिलखाली दोन जॅक स्टँड ठेवायचे. नातवंडं येतील तेव्हा पंपाची वायर काढून कुलपात. इंजिन चालू ठेवायचं तर शटर पूर्ण वर. आणि गाडीखाली जाण्याआधी घरात सांगून जायचं. पहिल्यांदा गाडी उचलाल तेव्हा वहिनींना तिथे बोलवा, धक्का त्यांना देऊ द्या. पटवायला तुम्ही काय बोलता त्यापेक्षा त्यांनी स्वतः ढकलून बघितलेली गाडी जास्त उपयोगी पडेल. आणि ढकलून बघितल्यावरही त्या नाही म्हणाल्या, तर कुठे हललं असं वाटलं ते विचारा. कदाचित तिथे खरंच हलत असेल.

येत्या रविवारी तीन कामं करा : तुळईखाली टेप लावून उंची, कोपऱ्यात ड्रिलचं भोक, सिलला हातोडी. आणि लिफ्ट विकणाऱ्या गॅरेजवाल्याला मात्र रविवारची वाट न बघता आजच फोन करून नाही म्हणा. त्याला जागा रिकामी करायची आहे आणि तुमच्या शब्दावर त्याने दुसरं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं असेल.